सगळ्यात टिकाऊ पाइप

विज्ञानाच्या तासासाठी मी मुलांना पाइपाचे तुकडे आणायला सांगितले होते. परळच्या आमच्या शाळेत असं काही सांगितलं की मुलं घर उपसून आणतात. टेबलावर प्लास्टिकचे, पापुद्रे सुटलेले लोखंडाचे, फ्रिजमागचे तांब्याचे, असा भंगाराचा ढीग झाला. मला सहावा महिना होता, ओणवं व्हायला जमत नव्हतं. म्हणून म्हटलं, तुम्हीच वाकवा, ठोका, चुंबक लावा आणि ठरवा, पिण्याच्या पाण्याला यातला कोणता घ्यायचा.

एका मुलीने राखाडी, जड तुकडा आणला होता. तिच्या चाळीत दुरुस्ती चालली होती, तिथून उचललेला. पणजोबांच्या वेळचा, तरी गंजाचा ठिपका नाही. वितळवून पुन्हा वापरता येतो, हेही ती विचारून आली होती. वर्गाने एकमताने त्याला पहिला नंबर दिला. मी कौतुकाने तो हातात घेतला आणि नाण्याने खरवडला. मऊ धातू नाण्याने सहज निघाला आणि आत लख्ख चमकलं. ते शिसं होतं.

सगळ्यांना हात धुवायला लावले. मग सांगितलं की टिकणं एवढंच बघून चालत नाही, शिसं नकळत पाण्यात उतरतं, लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला ते फार वाईट. बोलता बोलता माझा हात पोटावर गेला होता. ती मुलगी उभी राहिली.

"बाई, आम्ही ह्याचंच पाणी प्यायचो. मग आता?"

आता पाइप बदललाय ना, घरच्यांना सांग, डॉक्टर रक्त तपासतील, असं मी म्हटलं. पण मला आमची मोरी दिसत होती.

लालबागची आमची चाळही तितकीच जुनी. आमच्या पाइपाचं सासूबाईंना भारी कौतुक; त्यांच्या लग्नाआधीपासूनचा, कधी गळला नाही. एरवी त्या मला जिना भरभर उतरू द्यायच्या नाहीत. त्यांचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, आणि त्या दिवशी आपण भरलेली कळशी घेऊन जिना चढलो म्हणून गेलं, असं त्या कायम म्हणत.

घरी आल्या आल्या मी चप्पलही न काढता मोरीत शिरले. पिंपामागे, जिथे रंगाचा हात पोचला नव्हता, तिथे पाइप राखाडी होता. लोखंडाचा असू दे, लोखंडाचा असू दे, असं पुटपुटत मी नाणं घासलं. तोही तसाच मऊ निघाला आणि चमकला. इतके महिने मी हेच पाणी पीत होते.

सासूबाई रोजच्यासारख्या पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या. काय झालं, विचारत होत्या. खोटं बोलायचं सुचलं नाही. शाळेत मुलांना सांगितलं तेच सांगितलं.

त्यांनी तांब्या मोरीत उपडा केला. मग वाकून त्यांनी त्या चमकत्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"तेव्हा पण ह्योच पाइप होतो गो," त्या म्हणाल्या. "आणि मी आजपर्यंत त्या कळशीक दोष देत रवलंय."

ते बाळ कशामुळे गेलं हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. मी त्यांचा हात धरला.