“आम्हाला कोळीण हवीय, नवरी नको!”

“ए बाई, ती अबोली काढ आधी. आम्हाला कोळीण हवीय, नवरी नको!”

सर म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. समोर स्टुलावर बसलेली ती बाई माझी आई होती. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी रत्नागिरीत चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला होते. गावात टीव्ही नुकता कुठं येत होता. आई मिरकरवाडा बंदरात मासळीच्या शेडवर कोळंबी सोलायची. व्यक्तिचित्रासाठी बसायला माणूस हवं म्हणून आमचे शिपाईमामा शेडवर विचारायला गेले, तर आईनं पहिला हात वर केला. पोरीचं कॉलेज बघायला मिळतंय म्हणून. मला पत्ताच नाही. फोटो काढायला जावं तशी आली होती, लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून.

सरांनी वळेसर काढायला लावला. पेटीतलं रंग पुसायचं कळकट फडकं तिच्या खांद्यावरून लपेटलं. पुढ्यात मासळीची रिकामी टोपली ठेवली. माझ्या आईनं जन्मात मासळी विकली नव्हती. आम्ही जातीनं खारवी, कोळी नव्हे. पण सरांना बंदरावरच्या सगळ्या बाया कोळणीच.

“खाली बघ. दमल्यासारखी. हां, आता कसं अस्सल वाटतंय!”

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी पेन्सिलीला टोक काढत बसले. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटत होती. सरांची नव्हे, तिची. तिला ते कळलं. तिनं ओळख दाखवली नाही.

घरी भात वाढताना एवढंच म्हणाली, “बरा आला काय गो बाय माझा फोटो?”

“बरा आलाय,” मी ताटात बघत म्हणाले.

शनिवारी कॉलेजात प्रोजेक्टर आणला. पडदा म्हणून चादर लावली. मिठागरातल्या कामगारांवरची सरकारी डॉक्युमेंटरी. मुलं चुळबुळत होती, मलाही जांभया येत होत्या. मग एक बाई आली, डोक्यावर मिठाची पाटी. कॅमेरा आपल्याकडं वळलाय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं पाटी खाली ठेवली. हात पुसले. पदर नीट केला. आणि ताठ उभी राहून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. बघतच राहिली. फिल्म काढणाऱ्यानं ते तसंच ठेवलं होतं.

“हे कापायला हवं होतं,” सर मागून म्हणाले. “बाईनं पोज दिली, सगळं अस्सलपण गेलं.”

आपण कसं दिसायचं ते त्या बाईनं ठरवलं होतं, आणि कॅमेरेवाल्यानं ते मानलं होतं. चित्र असंही काढता येतं? मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मी मेली, स्वतःच्या आईला फडक्यात गुंडाळू दिलं!

सोमवारी आई पुन्हा बसली. पुन्हा तेच फडकं. सर टोपली सरकवायला वाकले तशी मी उठले.

“सर, ही माझी आई आहे.”

मी आईकडं वळले.

“आये, ते फडकं टाक. तुला कसं बसायचंय तसं बस.”

आईनं फडकं काढलं, घडी करून टोपलीत ठेवलं. “मान आखडली होती गो माझी,” म्हणाली आणि वर बघितलं. थेट माझ्याकडं.

“पोज मी ठरवतो!” सर ओरडले. “असलं चित्र प्रदर्शनात लागणार नाही.”

“नका लावू.”

मी रेघ मारली. आधी डोळे काढले. आधी बाह्याकार, डोळे शेवटी, असं शिकवलं होतं; त्याच्या अगदी उलट.

चित्र लागलं नाही. सरांनी मला काठावर पास केलं. करू देत.

आज मी पोटासाठी माणसांचीच चित्रं काढते. “जरा गरीब दाखवा ना, बाई,” म्हणणारी गिऱ्हाइकं अजून भेटतात. त्यांना मी बाहेरचा रस्ता दाखवते. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी मान खाली घालायला सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही. एकदा गप्प बसले होते, आईच्या वेळी. पुन्हा नाही.