मोताळा ते खामगाव, भरल्या मूत्राशयानं

मोताळ्याहून सकाळच्या एसटीत चढलो तेव्हा माझ्या पोटात दोन लिटर पाणी होतं. सोनोग्राफीवाल्यांनी एकच लिटर सांगितलं होतं, तेही खामगावला पोहोचल्यावर. पण मी पुण्याचा. पूर्वतयारीत कुणाला हार जाणार नाही.

दिवाळीला सासुरवाडीला आलो आणि कमरेत कळ उठली. पथरी (मुतखडा) मूत्रनळीच्या टोकाशी अडकली होती. आठवडाभर गोळ्या झाल्या. आजही खडा तिथेच दिसला, तर उद्या दुर्बिणीनं काढायचा. ही दुर्बीण कुठून आत घालतात हे कळल्यापासून माझी झोप उडाली होती.

"भाऊजी, काऊन (का) असे आखडून बसले?" शेजारून मेहुणा सुधाकर म्हणाला.

"बोलू नकोस. हसवू तर मुळीच नकोस."

दोन्ही बाजूंना कापूस पांढराशुभ्र फुटला होता. नांदुऱ्याला उंचच उंच मारुती दिसला. एरवी दहा फोटो काढले असते. आज हात जोडून एवढंच मागितलं, की पुढचे खड्डे बुजव. मारुतीनं ऐकलं नाही. खामगावात शिरलो, तर सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची ही लांब रांग!

स्टँडपासून केंद्रापर्यंत मी चाललो नाही, तरंगलो. टेबलावर आडवा झालो. पोटावर गार जेल पडलं आणि पडद्यावर माझं मूत्राशय तलावासारखं पसरलं. डॉक्टरबाईंनी यंत्र एकाच जागी बराच वेळ फिरवलं, "हं" म्हणाल्या आणि मग प्रसन्नपणे म्हणाल्या, "या आता जाऊन."

किती सुसंस्कृत निरोप! आपल्याकडे कुणी 'जा' म्हणत नाही. मीही वाकून "येतो" म्हणालो. केंद्रातला संडास आतून बंद होता, म्हणून थेट स्टँड गाठलं. तिथलं सुख शब्दांत मावणार नाही. मधेच एक बारीकशी टोचणी आणि 'टक्' असा आवाज, बस्स. बाहेर आलो आणि सुधाकरबरोबर दोन-दोन गरम कचोऱ्या हाणल्या.

मोताळ्याची गाडी लागली तेवढ्यात फोन वाजला. केंद्रातल्या ताई होत्या. "काका, कुठी हाय तुम्ही? म्याडम वाट पाहून राह्यल्या."

"मी स्टँडवर. झालं ना सगळं?"

"काय झालं? लघवीले जाऊन या म्हटलं होतं, मोताळ्याले नाही!"

मूत्राशय रिकामं झाल्यावर दुसऱ्यांदा बघतात, हे मला तेव्हा कळलं. कचोरीचे हात पुसत पळालो. पुन्हा जेल, पुन्हा यंत्र. मी पडद्याकडे बघेचना. बाईंनी आधीचं चित्र काढून दाखवलं: मूत्राशयाच्या तळाशी एक पांढरा ठिपका, मागे काळी सावली. मग आत्ताचं. ठिपका नाही!

"नळीतून खाली उतरला होता, आता पडून गेलाय. काही जाणवलं का?"

"टक् झालं होतं... स्टँडवर."

"म्हणजे दुर्बिणीची गरज नाही. खडा मिळाला असता, तर तपासायला पाठवला असता."

सुधाकर दारातूनच ओरडला, "जाऊ काय मी धुंडाळायले?"

"नको बे!" मी ओरडलो. माझ्या पुणेरी तोंडून निघालेला हा पहिला वऱ्हाडी 'बे'. टेबलावरच उड्या मारायच्या बाकी होत्या.

परतीच्या गाडीत हसून हसून पोट दुखलं, आणि ते फक्त हसण्यानं दुखतंय याचा केवढा आनंद! लोक गावोगावहून काही ना काही आठवण घेऊन येतात. किल्ल्यांच्या दगडांवर नावं कोरणाऱ्यांना तर मी जन्मभर नावं ठेवली. खामगावला मात्र मी अख्खा दगडच ठेवून आलो, तोही स्वतः घडवलेला.