सोलरचा बारीक पाईप

आमच्या भूमच्या घरात कुणी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी भिंतीतला पाईप घरघरायचा, मग नळातून फुस्स करून हवा यायची आणि मग धाड! पाहुणे दचकून विचारायचे, "वर काय पडलं?" मी म्हणायची, "काही न्हाय, आमचा सोलर बोलतोय."

दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या आवाजाचं काही वाटायचं नाही. सोलरचे पाईप त्यांनीच टाकून घेतलेले. सोलर बसवणारा टाकीतून सोलरला जाणारा पाईप एक इंची म्हणत होता, तर दादा गच्चीवर भर उन्हात उभे राहून अडून बसले. "जाड पाईप म्हणजे पाण्याची नासाडी. अर्धा इंचीच टाक." इथं नळाला पाणी येईल तेव्हा येतं. टँकरची वाट बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला कोण समजावणार?

मग दादांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरांनी बजावलं, रोज सकाळी हात कोमट पाण्यात शेकून लगेच बोटांचा व्यायाम घ्या. आत्ता घेतला तरच हात सुटेल, नाहीतर असाच आखडून राहील. आणि तो मेला गरम पाण्याचा पाईप नेमका त्यांच्या उशाच्या भिंतीतून गेलेला! धाड झालं की त्यांचं अंग दचकायचं, मूठ घट्ट आवळायची. मग कसला व्यायाम अन् कसलं काय. मी गॅसवर पाणी तापवून बघितलं, पण भरलं घर, कुणी ना कुणी नळ सोडायचंच.

एका प्लंबरनं पाईपाला क्लिपा मारल्या. आमच्या ह्यांनी वरून चिंध्या गुंडाळल्या. आवाज होता तसाच. शेवटी दुसरा प्लंबर गच्चीवर जाऊन आला. "वहिनी, सोलरला गार पाणी येतंय बारीक पाईपातून अन् खाली गरम जातंय जाड पाईपातून. भरायच्या आधीच रिकामं होतंय, मग हवा शिरणार न्हाय तर काय? वरचा पाईप बदला, संपलं."

संपलं कुठलं! आमचे हे आडवे आले. "दादांनी स्वतः उभं राहून टाकलाय. ते असताना त्यांचं काम उपटून फेकू? त्यांना काय वाटंल?"

"अहो, त्यांचा हात वाया चाललाय!"

"अन् लोक म्हणतील, म्हातारा अंथरुणाला खिळला की ह्यांनी घर उकरायला घेतलं."

वडीलधाऱ्यानं केलेलं मोडायचं नाही, हे मलाही माहेरी शिकवलेलं. पण काही ताळतंत्र? नणंदेला फोन केला, तर ती म्हणाली, दादांच्या मनाविरुद्ध नको. सगळ्यांना दादांचं मन ठाऊक! माझं डोकं नुसतं भणभणायचं. रोज सकाळी तीच धाड, तीच आवळलेली मूठ, आणि दिवस तर चाललेले.

एका सकाळी मूठ सोडवता सोडवता दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा संताप अनावर झाला. मी खाटेजवळ बसले आणि सरळ विचारलं, "दादा, तुमी टाकलेला पाईप बारीक पडतोय. काढून जाड टाकू का?"

हे दारातून डोळे वटारत होते.

दादांनी माझ्याकडं बघितलं, मग मुलाकडं. डाव्या हातानं कपाळ बडवलं आणि मान हलवली, हो, हो. ह्यांना खुणेनं जवळ बोलावलं. हे वाकले, तर दादांनी त्यांचा सदरा धरून त्यांना गच्चीच्या जिन्याकडं ढकललं.

त्याच दिवशी पाईप बदलला. आवाज कायमचा गेला. दादांचा अंगठा सुटला, शेजारची बोटंही सुटली. करंगळी आणि तिच्या जवळचं बोट मात्र आखडलेलीच राहिली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी व्हायला हवं होतं.

हे रोज त्या दोन बोटांना तेल चोळत बसतात.