फाटकाजवळचा कोपरा

वसमतला रेल्वे फाटक ओलांडलं की डाव्या हाताला एक कमान लागते. कमानीवर सिमेंटचे दोन मोर आहेत. आत सरळ रेघेत प्लॉट, प्लॉटांवर दोनमजली घरं आणि घरांपुढे पांढऱ्या गाड्या. राहणारे बहुतेक मास्तर, तलाठी, बँकेतले लोक. संध्याकाळी फिरायला निघतात आणि गाव किती वाढलं म्हणून एकमेकांचं कौतुक करतात. गाव आपोआप वाढतं असं त्यांना वाटतं. गाव वाढायचं तर आधी कुणाला तरी उठवावं लागतं. इथे ते काम मी केलं.

ती जमीन आमची होती. निजामाच्या काळात छोटी लाइन आमच्या रानातून गेली, तेव्हापासून घरातला एक माणूस रुळावर आणि बाकीचे हळदीत अशी रीत पडली. माझे वडील हळदीत राबले, काका गँगमन झाले. काका-काकीला मूलबाळ नव्हतं. रानाच्या फाटकाकडच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दोन खोल्या आणि बाभळीच्या काट्यांनी वेढलेला मेंढरांचा वाडा, एवढा त्यांचा संसार. काका वारल्यावरही काकी तिथेच राहिली. वीसेक मेंढरं घेऊन रोज रूळ ओलांडायची, पलीकडच्या पडीक रानात चारायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. मी लहान असताना आईचा मार चुकवायला तिच्याकडेच पळायचो.

मोठी लाइन झाली, मग वरून विजेच्या तारा आल्या, आणि आमच्या बांधावर मोटारी थांबायला लागल्या. वडील गेले होते. सातबाऱ्यावर मी आणि काकी, दोघंच. प्लॉटिंगवाल्याला सगळं रान हवं होतं. त्यातही तो कोपरा जास्त हवा होता, कारण आतला मोठा रस्ता तिथूनच निघणार होता.

काकी म्हणाली, "बाकीचं वीक बाबा. मला काय करायचं? माझा कोपरा तेवढा मरूस्तोर ठेव. आन् उचल भंडारा."

आमच्यात शब्द पक्का करायचा तर खंडोबापुढे बेल-भंडार उचलतात. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद मुठीत घेऊन बोललेला शब्द मोडला, तर तो मोडणाऱ्याच्या लेकराबाळांवर येतो असं मानतात. काकीला वाचता येत नव्हतं आणि त्याची तिला खंतही नव्हती. कागद उंदीर खातो, भंडारा कोण खाईल, असं ती म्हणायची.

मी मोंढ्यात एका अडत्याकडे हळदीचे नमुने बघतो. खरी हळद कोणती आणि रंगवलेलं पीठ कोणतं, हे बोटावर घासून सांगायचं, यावर माझं पोट आहे. त्या दिवशी मी यात्रेतल्या दुकानातली पुडी मुद्दाम जपून आणली. त्यात हळद नव्हतीच, पिवळं केलेलं तांदळाचं पीठ होतं. ते मी मुठीत घेतलं आणि देवासमोर बोललो, की हा कोपरा काकीचा, ती आहे तोवर कुणी हात लावणार नाही. काकीनं डोळे मिटून हात जोडले. देव असलाच तर तो पिठाची शपथ धरणार नाही, ही माझी अक्कल. देव मानत नसतो तर सरळ खरी हळद उचलली असती. मानत होतो म्हणून फसवलं.

आठ दिवसांनी तिनं रजिस्ट्री ऑफिसात अंगठा दिला. कागदावर सगळं रान होतं, कोपऱ्यासकट.

पण काकी हलेना. तिच्या लेखी कोपरा तिचाच होता, हलायचं काहून? प्लॉटिंगवाला माझ्यावर डाफरायला लागला. "म्हातारीवर जेसीबी घातला तर इथं प्लॉट कोण घेईल? तुमचं माणूस, तुमीच काढा," म्हणाला. त्यानं मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. मी काकीला शहाणपण शिकवून पाहिलं, रागावून पाहिलं, वाड्याचे काटेही एकदा उपसून टाकायला लावले. तिनं ते दुसऱ्या दिवशी परत लावले आणि ओरखडलेले हात घेऊन माझ्याच घरी ताक द्यायला आली. माझा फार संताप झाला. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

त्याच महिन्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला. सात वर्षांचा होता. नांदेडला दवाखान्यात ठेवला. तीन दिवस त्याच्या रक्तातल्या पेशी उतरतच होत्या. बायकोनं अन्न सोडलं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, ताप उतरलाय, पेशी वाढल्यात, धोका टळला, उद्या घरी न्या. बायको चहा आणायला खाली गेली होती. मी एकटाच होतो. तेवढ्यात काकी दारात उभी राहिली.

मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून ती पहिल्या एसटीनं आली होती. पायात चप्पल नव्हती. पोराकडे बघितलं, नळी लावलेला हात बघितला आणि मला म्हणाली, "खरं सांग. भंडारा मोडला का तू?"

मी पोराचं पांघरूण सारखं करायला लागलो.

"कागदात माझा कोपरा बी घातला म्हनतेत लोक. म्या इस्वास ठेवला न्हाई. पर हे लेकरू असं पडल्यावर..." ती खाली बसली. "त्याच्यावर आलं रे ते."

पोरगं बरं आहे, उद्या घरी जातंय, एवढंच मला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. महिना संपायला पाच दिवस उरलेत, हेही त्याच वेळी डोक्यात आलं. मी मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली.

काकीनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आमच्याच रानातली, तिनं घरी शिजवून, वाळवून, कांडलेली हळद होती. ती पोराच्या कपाळाला लावली, उरलेली मुठीत धरली आणि म्हणाली, "खंडोबा, कोपरा म्या आपखुशीनं देला. ह्यानं शब्द मोडला न्हाई. म्या खोटं बोलत असंल तर माझ्या अंगावर ये, लेकराला सोड."

बायको चहा घेऊन वर यायच्या आत ती परत निघाली. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आम्ही वसमतला आलो तेव्हा वाडा रिकामा होता. पोराचा ताप एका रात्रीत उतरला असं काकी गल्लीभर सांगत होती. पुढच्या बाजाराला तिनं मेंढरं जवळा बाजार या गावी नेऊन विकली आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहिली. मुदतीच्या आत ताबा गेला. मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दोन वर्षांनी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. साधं ऑपरेशन, आमच्या गल्लीतल्या चौघांनी करून घेतलंय. काकी ऐकेना. बायकोनं विनवलं, मुलानं हात धरून ओढलं. ती मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाली, "म्या खोटा भंडारा उचलला ना, त्याचं हाय हे. डॉक्टरनं काढलं तर ते जाईल कुटं? पुन्हा पोराकडंच जाईल."

त्या सकाळी डॉक्टर काय म्हणाले होते, ते तिला सांगितलं की ती गाडीत बसेल. ती यायच्या आधीच ताप उतरला होता, एवढं एकच वाक्य. पण त्यानंतर ती मला विचारील, की तुला ठाऊक होतं का. एक डोळा गेला तरी मी ते वाक्य बोललो नाही.

गेल्या आठवड्यात फाटकापाशी डोळ्यांचं शिबिर लागलं. पेशंट न्यायला आलेली गाडी कमानीखाली अर्धा तास उभी होती. मी काकीच्या खोलीच्या दारात उभा होतो. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी तिनं मान वर केली.

"गेली का रे गाडी?"

"गेली, काकी."

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरगं जेवलं का?"