मोहाखालचा जाळ

आमचा भागवत मिरासे माहूरच्या डोंगरात वनखात्याचा रखवालदार आहे. जमात आंध आदिवासी, जन्म डोंगरातलाच, आणि जाळ विझवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. कुठे धूर दिसला की हा भरल्या ताटावरून उठतो. घरची चूल पेटवतानाही बायकोला धाकधूक असते. हसू नका, खरंच आहे ते.

मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, म्हणजे फुलं मोकळ्या जमिनीवर पडतात आणि वेचता येतात, ही या जमातीची जुनी रीत. पण त्यात कधी कधी डोंगरच पेटायचा. खात्यानं बंदी घातली आणि ती पाळून घ्यायला नेमलं कोणाला, तर भागवतला! पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं चारचौघींसमोर सख्ख्या आईच्या, तारामतीच्या, झाडाखालचा जाळ बुटानं तुडवला. तेव्हापासून म्हातारी फुलं झेलायला मोहाखाली जुनी लुगडी अंथरते.

यंदा नव्या वनपाल आल्या, उज्ज्वला मॅडम. म्हणाल्या, पाला फार साचलाय, ठिणगी पडली तर म्हातारे मोह मुळासकट जातील. तुमची माणसं थोडा थोडा जाळायची, तसंच आपण सांभाळून जाळू. परवानगी काढली आहे.

"भागवत, तुम्ही इथलेच. तुम्ही दाखवा."

"हाव मॅडम," म्हणून गडी मोकळा झाला आणि मग त्याला घाम फुटला. त्याला येत कुठे होतं? सगळी उमर विझवण्यात गेली. कधी पेटवायचं, कुठल्या अंगानं, काही आठवेना. आणि कालपर्यंत जो गुन्हा होता तो आज ड्युटी कसा झाला, हेही डोक्यात शिरेना.

संध्याकाळी आईपुढे बसला. "माय, पाला कवा जाळायचा गं?"

"मला काय इचारून राहिला? तू खात्याचा मानूस."

"तवा तुझा जाळ तुडवला, चुकलं माझं, असं म्हनू का?"

"चुकलं का न्हाई, तुला तरी ठावं हाय का?"

त्याला ठाऊक नव्हतं. पेटलेल्या डोंगरात होरपळलेली हरणं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. आईचा उतरलेला चेहराही पाहिला होता.

सकाळी पाण्याचे ड्रम घेऊन मजूर आले, मॅडम आल्या. तारामतीही आली. तिनं मूठभर पाला उचलला, कानाशी चुरगळून आवाज ऐकला, टाकला आणि घरी निघून गेली. हा होकार होता की नकार? भागवत बघतच राहिला.

"काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"आज नको," तो ठामपणे म्हणाला. का म्हणालास, असं विचारलं तर अजूनही नुसतं डोकं खाजवतो.

दुसऱ्या सकाळी म्हातारी पुन्हा आली. पाला चुरगळला आणि या वेळी थांबली. झाडाचा बुंधा झाडून मोकळा केला, उताराच्या वरच्या अंगाला बसली आणि लेकापुढे हात केला. "काडी दे."

तिनं लावलेला जाळ बुटका होता, हळूहळू उताराकडे सरकू लागला. आणि भागवतचा पाय आपोआप उचलला गेला. बूट जाळावर पडला, जाळ विझला.

भागवत स्वतःच्याच पायाकडे बघत होता. त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

"दुसरी काडी," माय म्हणाली. "आन् बूट काढ."

त्यानं बूट काढले. अनवाणी पायांचं काय करायचं ते काही त्याला कळेना. आईशेजारी बसून त्यानं काडी ओढली.