हिरव्या पट्टीचे सहा ग्लास

आमच्या गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात चहा काचेच्या ग्लासात मिळतो. आमच्या वस्तीतल्या माणसाला मात्र कागदी कपात. पूर्वी आमच्या जातीसाठी फुटक्या कानाच्या कपबशा बाहेर कोनाड्यात असायच्या. आता कागदी कप आला, म्हणजे आमचं उष्टं विसळायचाही त्रास वाचला.

माझे वडील, आमचे दादा, जन्मभर पोस्टमन. हॉटेलवाल्याच्या पोराची नोकरीची ऑर्डरसुद्धा त्यांच्याच हातून पोचलेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला: डोळे मिटायच्या आधी याच हॉटेलात, सगळ्यांच्या ग्लासात चहा प्यायचा. मी म्हणालो, केस करू. तर म्हणाले, "कोर्ट त्याला दंड करील. चहा त्यानंच पाजाय पायजे."

मग त्यांची पद्धत सुरू झाली. रोज सकाळी बाकावर बसायचं, "गिलासात दे" म्हणायचं. कागदी कप आला की पैसे ठेवायचे, चहा तसाच ठेवायचा, उठायचं. ना शिवी, ना आवाज.

बघूनच माझं पित्त खवळायचं. मी अंबाजोगाईत शिकलेला, मोर्चांत घसा बसवून घेतलेला क्रांतिकारक. (पुढच्या रांगेत असायचो ते फोटोसाठी, पण ते असो.)

"दादा, चहा गार करून काय व्हतंय? एक दगड घाला, बघा कसा सरळ व्हतो."

"सरळ न्हाई व्हत, नुसता वाकतो. आपली पाठ फिरली की हाय तसाच."

अकराव्या दिवशी मी उशिरा पोचलो. दादांपुढं कागदी कप. डोकंच फिरलं. ओट्यावर ग्लासांचा ट्रे होता, तो एका फटक्यात उडवला. सहा ग्लास खळ्ळकन फुटले. हॉटेलवाला किटली धरून तसाच उभा.

"अरे बैला," दादा म्हणाले, "हा कप मघाचा हाय. मी घेतला न्हाई, म्हणून आत्ता त्यानं गिलास काढले व्हते. माझ्यासाठी."

भरपाई म्हणून दादांनी मलाच आष्टीच्या बाजारात पाठवलं. मी शहाणपणा करून भारीतले आणले, काठाला हिरवी पट्टी असलेले.

दुसऱ्या दिवशी दादांपुढं काचेच्या ग्लासात चहा आला. मी छाती फुगवून आजूबाजूला पाहिलं. बाकी सगळ्यांच्या हातात बिनपट्टीचे ग्लास.

"तुमचे गिलास तुमच्यासाठीच येगळ्या फळीवर ठिवलेत, पोस्टमन," हॉटेलवाला अगदी प्रेमानं म्हणाला. "आता तर न्हाई ना तक्रार?"

कोनाड्यातली ती कपबशी मोडीत निघाली होती. ती मी स्वखर्चानं आष्टीहून परत आणली, वर पट्टी लावून. आता तर आमचं भांडं लांबूनही ओळखू येतं.

दादांनी पैसे ठेवले, चहा ठेवला, उठले. घराच्या दारात थांबून म्हणाले, "उद्या परत पयल्यापासून. येणार असशील तर हात खिशात घालून ये."

महिना होत आला. हिरव्या पट्टीचा ग्लास रोज येतो, रोज गार होतो. दादांचं वय बहात्तर. मी शेजारी हात मांड्यांखाली दाबून बसतो. हाताला मुंग्या येतात. फळीवरचे पाच ग्लास समोर दिसतात, आणि रोज मनात तेच येतं. पण फोडले, तर भरून द्यायला आष्टीला मलाच जावं लागणार, आणि दादांचा पहिला दिवस पुन्हा उजाडणार.