जिम्म्याच्या कोंबड्या

कौसाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एक कोंबडी दोन्ही हातांत धरून मोबाइलसमोर उभ्या होत्या. मोबाइल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवलेला. पलीकडून एक बाई ओरडत होती, "काकू, जरा वर धरा की, पाय दिसू द्या!" काकूंनी कोंबडी वर केली. कोंबडीने त्यांच्या तोंडावर पंख झाडले. काकू शांतपणे म्हणाल्या, "ही बग. चिंधी बी तुजीच. बोल आता तिच्यासंगं." आणि ती बाई खरंच त्या कोंबडीशी बोलायला लागली. मी खांद्यावर बॅग आणि हातात खोलीची किल्ली घेऊन दारात उभी होते. कुठे येऊन पडले, असं मला वाटलं.

शिरूर कासारच्या पुढे डोंगराला लागून एक वस्ती आहे. तिथल्या शाळेत माझी बदली झाली होती आणि काकूंच्या घराला चिकटून असलेली खोली मला भाड्याने मिळाली होती. दिवाळी झाली की ही वस्ती ऊसतोडीला जाते. दारात ट्रॅक्टर उभे राहतात. भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरं, सगळा संसार ट्रॉलीत चढतो. कोंबड्या तेवढ्या मागे राहतात. कारखान्यावरच्या पालात त्यांना कुत्री ठेवत नाहीत. मग जाण्याच्या आदल्या दिवशी बाया आपापल्या कोंबड्या काकूंच्या अंगणात आणून सोडतात. प्रत्येकीच्या पायाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, म्हणजे ओळख पटते. गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं परत आली की ज्याची कोंबडी त्याला. तोवरची अंडी काकूंची. पैशाची भाषा कुणी काढत नाही.

मला कोंबड्यांची हौस नाही. खरं सांगायचं तर चीडच आहे. त्या माझ्या उंबऱ्यावर घाण करत, धुतलेल्या भांड्यांवर उभ्या राहत, आणि त्यातला एक कोंबडा तर माझ्याच खिडकीत येऊन आरवायचा. मी तक्रार केली की काकू म्हणायच्या, "बाई, त्यो गायकवाडाचा हाय. त्याला मी कशी बोलू? माजा आसता तर मुंडी धरली आसती." लोकांच्या कोंबडीला रागवायचंसुद्धा नाही, असा त्यांचा कायदा. काकू उंच, हाडाच्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याकडे ड्रायव्हर होता. कोंबड्या म्हणजे त्यांच्या भाषेत 'जिम्मा'. "लोकाचा जिम्मा हाय बाई," एवढं म्हटलं की पुढचं बोलणं संपलं. आता मी तेलगावला असते, तिथे सकाळी शांतता असते आणि मला ती अजिबात सोसत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या मागच्या पडवीत गेले आणि किंचाळले. वळचणीला एक तार ताणलेली होती आणि तिला कोंबड्यांचे वाळलेले पाय टांगले होते. प्रत्येकाला रंगीत चिंधी. मला वाटलं, भानामती! मी बीड शहरात वाढले असले तरी भानामतीच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. काकू पोट धरून हसल्या. मग समजावून सांगायला लागल्या. सांभाळताना एखादी कोंबडी मरतेच. घार नेते, रोग येतो. मेली तर तिचा चिंधीवाला पाय तोडून ठेवायचा आणि मालकीण आली की तिच्या हातात द्यायचा. म्हणजे काकूंनी ती कापून खाल्ली नाही, बाजारात विकली नाही, हे तिला कळतं.

"पाय तर कापून खाल्लेल्या कोंबडीचाही ठेवता येईल की," मी म्हटलं. मास्तरणीची सवय, दुसरं काय.

"येतोय की. पर लबाड मानूस चिंधीसकट टांगून ठिवल का वर्सभर? मला कुनाची 'मेली' आईकायची न्हाई आन सांगायची बी न्हाई. बोलन्यात काय हाय? दिसलं पायजे."

'दिसलं पायजे' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुधात पाणी नाही म्हणणाऱ्या गवळ्याला, ताप आलाय म्हणणाऱ्या पोराला, उद्या लाइट येईल म्हणणाऱ्या वायरमनला, सगळ्यांना तेच. मजा अशी की पाडव्याला बाया परत यायच्या, तेव्हा त्या पायाकडे कुणी धड बघायचंही नाही. हातात घ्यायच्या आणि उकिरड्यावर भिरकावायच्या. पण काकू सोडायच्या नाहीत. "बग आधी. तुजीच चिंधी हाय ना? मग टाक."

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात मानमोडीचा रोग आला. सकाळी उठावं तर एखादी कोंबडी मान वाकडी करून पडलेली. काकूंनी लस आणली, हळद पाजली, रडल्याही. मेलेल्या कोंबड्या वस्तीच्या रीतीप्रमाणे मागच्या ओढ्यात टाकल्या आणि पाय वळचणीला चढले. तार भरून गेली. पाय ओलेच होते, दोन दिवसांत पडवीत उभं राहवेना. त्यानंतर एका सकाळी खुराड्याची एक फळी उखडलेली दिसली आणि अंगणात पिसं. आठवडाभरात पुन्हा तसंच. वस्तीवर उरलेल्या म्हाताऱ्या माणसांनी बिबट्या आला म्हणून सांगितलं. ते फोनवरून कारखान्यापर्यंत पोचलं आणि तिकडून बायांचे फोन सुरू झाले. सगळ्यांत जास्त फोन वंदनाचे. वंदना म्हणजे शेजारची नवी सून, त्या वर्षी पहिल्यांदाच कोयता धरायला गेलेली. तिची कोंबडी तिच्या आईने युसूफ वडगावहून पाठवली होती, मानेवर एक पीस नसलेली. दिसायला भलती कुरूप, पण वंदनाला माहेरचं तेवढंच होतं.

वनखात्याचा एक तरुण माणूस मोटरसायकलवरून आला. ओढ्यात उतरला, ठसे बघितले, परत आला. "काकू, बिबट्या न्हाई. तरस हाय. ह्याचा पुढचा पंजा मोठा आन मागचा बारका. तुमी मढी ओढ्यात टाकली, त्या वासानं आलंय." मग त्याने नाक वर केलं आणि पडवीकडे पाहिलं. "आन हे काय टांगलंय? ओढ्यातलं संपलं, आता ते हिकडं यायलंय. हे पाय आजच्या आज गाडा."

मेलेल्या कोंबड्या खोल पुरायचं काकूंनी लगेच कबूल केलं. पायांचं नाव काढताच त्यांचा चेहरा बंद झाला. "त्ये न्हाई व्हायचं."

"कावून न्हाई? जिवंत कोंबड्या जात्यात त्याच्यापायी!"

"तुमी गाडीवर बसून जाताल. मला हितंच तोंड दाखवायचंय. गाडल्यावर मी काय दाखवू? माती?"

तो माझ्याकडे वळला. बाई, तुम्ही तरी सांगा. मी सांगितलं. काकूंनी माझं ऐकून घेतलं, आम्हाला दोघांना चहा पाजला आणि पाय होते तिथेच राहिले.

पण जनावराशी त्यांनी सरळ भांडण मांडलं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. पत्र्याचे डबे बांधले. तेवढ्याने भागलं नाही तेव्हा सगळ्या कोंबड्या घरात घेतल्या, आणि घरात मावल्या नाहीत त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी नाही म्हणू शकले नाही. गायकवाडांचा कोंबडा माझ्या पिठाच्या डब्यावर बसून आरवायचा आणि मी त्याच्याकडे बघत भाकरी थापायची. शाळेत माझ्या केसांतून पीस निघालं तेव्हा आजी-आजोबांकडे मागे राहिलेली पोरं आठवडाभर हसत होती.

असेच काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, काकू कोंबड्या आत घेत होत्या. वंदनाची कोंबडी कापसाच्या पऱ्हाटीच्या गंजीत अंडी घालून बसायची, ती नेहमीच शेवटी यायची. मी मागच्या दारात होते. काकू गंजीकडे गेल्या आणि जागीच थांबल्या. पडवीत, त्या तारेखाली, एक जनावर मान वर करून उभं होतं. अंगावर पट्टे, पाठीवर उभे केस, मागून उतरतं अंग. आमच्याकडे त्याने लक्षही दिलं नाही. ते पायांचा वास घेत होतं. तेवढ्यात गंजीतून ती कोंबडी बाहेर आली, आणि पुढचं पापणी लवायच्या आत झालं. काकू हातातला खराटा घेऊन त्याच्यामागे ओढ्यापर्यंत धावल्या. मी ओरडत राहिले, "काकू, थांबा! अहो, थांबा!" त्या परत आल्या तेव्हा गुडघा फुटला होता आणि हातात फक्त खराटा होता.

"पाय बी गेला बाई," त्या म्हणाल्या. हळद लावताना तेवढंच दोनदा बोलल्या. गुडघ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोबाइल वाजला तर त्यांनी तो माझ्या उशीखाली नेऊन ठेवला. वंदनाचा फोन होता. तिसऱ्या दिवशीही तेच. काकू जेवत नव्हत्या. मला राहवेना. मी म्हटलं, "शिरूरच्या बाजारात तशीच मिळेल. मी आणते. चिंधी बांधू. कुणाला कळणार आहे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. "कोंबडी दाखवता यील बाई. पर ती दाखवताना माजं तोंड बी दिसतंय ना फोनात," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनीच फोन लावायला सांगितला. वंदना उसाच्या फडातच होती, डोक्याला कपडा गुंडाळलेला, तोंड काळवंडलेलं. काकूंनी नेहमीसारखा मोबाइल घागरीला टेकवला आणि दोन्ही हात समोर धरले, रिकामे. "वंदे, तुजी कोंबडी तरसानं नेली. माज्या डोळ्यांदेकत नेली. दाखवायला माज्याकडं काय बी न्हाई. पाय सुदिक न्हाई." एवढं बोलून त्या वाट बघत उभ्या राहिल्या, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशा.

 पलीकडून वंदना ओरडली, "अवो, तुमी त्याच्या म्होरं गेलात का काय? तुमाला काय केलं न्हाई ना त्यानं? बाई, काकूला लागलंय का बगा!" मी मोबाइल खाली नेऊन गुडघा दाखवला. त्यावर तिने काकूंना जे झापलं, ते त्या वस्तीवर काकूंना झापलेलं मी ऐकलेलं पहिलंच. कोंबडीपायी जीव देताय का, आई दुसरी देईल, दवाखान्यात जा. फोन ठेवेपर्यंत ती बोलतच होती. कोंबडी खरंच तरसाने नेली का, हे तिने विचारलं नाही. पायाचं नावही काढलं नाही.

काकू भिंतीला टेकून बसल्या. मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "इस्वास ठिवला बाई तिनं. नुसत्या बोलन्यावर." आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी वस्तीत सगळ्यांना माहीत होती आणि मला कुणी सांगितली नव्हती. काकू तरुणपणी स्वतः ऊसतोडीला जायच्या. एका वर्षी त्यांनी आपल्या कोंबड्या धाकट्या जावेकडे ठेवल्या. परत आल्या तर एकही नाही. जाऊ म्हणाली, रोगानं मेल्या. काकू म्हणाल्या, पाय दाखव. जावेकडे पाय नव्हते. भरल्या वस्तीसमोर काकूंनी तिला चोर म्हटलं. घरं वेगळी झाली, जाऊ नवऱ्याला घेऊन शिरूरला राहायला गेली, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"खाल्ल्या आसतील बी," काकू म्हणाल्या. "पर मेल्या बी आसतील ना वो? ह्या साली माज्या न्हाई का मेल्या? मी तिला येकदा बी म्हनले न्हाई, की बाई, तुजं घर बरं हाय का, तुजी लेकरं बरी हाईत का. नुसतं पाय दाखव, पाय दाखव."

  अंधार पडायच्या आत त्या उठल्या, फुटक्या गुडघ्याने स्टुलावर चढल्या आणि तार सोडवली. पऱ्हाटीच्या गंजीमागे आम्ही दोघींनी खड्डा खणला, सगळे पाय पुरले, वर मीठ टाकलं, दगड ठेवले. तरस त्यानंतर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकूंनी पेटीतलं हिरवं लुगडं नेसलं, आपली स्वतःची सगळ्यांत चांगली अंड्यावरची कोंबडी पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, "बाई, आजच्या दिस जिम्मा तुमचा." कुठे जाताय विचारलं तर म्हणाल्या, शिरूरला. जीपमध्ये बसताना त्यांनी पदर तीनदा सारखा केला. दिवसभर मी कोंबड्या मोजत बसले आणि माझं लक्ष रस्त्याकडे होतं.

संध्याकाळच्या जीपने त्या परत आल्या. पिशवी रिकामी होती. त्यांनी पाय धुतले, कोंबड्या नजरेखालून घातल्या आणि ओट्यावर बसल्या. मला धीर धरवला नाही. "काय म्हणाल्या जाऊबाई?"

"काय म्हनती," काकू म्हणाल्या. "ती बी म्हातारी झालीय. दारात मला बगून आदी वळखलंच न्हाई तिनं. मी म्हनले, मी कौसा." मग त्यांनी रिकामी पिशवी गुंडाळून बाजूला ठेवली. "रडली न्हाई, भांडली न्हाई. आत गेली आन चहा ठिवला."